वागळे इस्टेटमधला स्पीकरवाला: काम चोख, फोन उचलत नाही

घरातली जुन्या स्पीकरची जोडी दुरुस्त करून घेतली. आधी हिशेब, कारण सगळे तेच विचारतात. फोमच्या रिंगा परदेशातून मागवण्याच्या खर्चासकट ३,२०० रुपये, कपॅसिटर १,९००, मजुरी ६,५००, पेट्यांचं पॉलिश ४,०००. एकूण १५,६००. नौपाड्यातून नेण्या-आणण्याचा टेम्पो वेगळा, १,२००. एवढ्या पैशांत झकास ब्लूटूथ पेटी येते हे माझ्या मुलाने सांगून झालेलं आहे, तेव्हा कृपया कोणी पुन्हा सांगू नये. आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांचे खर्च तपासले. हा माझा खर्च आहे आणि तो मला पटलेला आहे.

दुकानाचं नाव मात्र देत नाही. मालकांनीच बजावलं, "ताई, कुठे लिहू नका. आहे तेच काम उरकत नाही." दुकान म्हणजे तरी काय, वागळे इस्टेटमधल्या एका जुन्या इमारतीतला पहिल्या मजल्यावरचा गाळा. पाटी नाही. शेजारी रबराचे वॉशर कापणारं मशीन दिवसभर धाडधाड चालू असतं, आणि असल्या आवाजात हा माणूस कान लावून स्पीकर तपासतो. शोधायचाच असेल तर ठाण्यात ज्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेअर चालू अवस्थेत आहे अशांना विचारा. दोघा-तिघांत पत्ता निघतो. माझा तसाच निघाला.

आता स्पीकर. ते नीट सांगितल्याशिवाय या माणसाने काय केलं आणि मुख्य म्हणजे काय केलं नाही, ते कळणार नाही.

आमची जोडी ॲडव्हेंट या अमेरिकन कंपनीची. माझे मोठे दीर सत्तरच्या दशकात बॉस्टनजवळ शिकायला होते. परतताना ॲम्प्लिफायर तिथेच विकला, कारण तो तिकडच्या ११० व्होल्टचा. स्पीकरला कुठे वेगळी वीज लागते, म्हणून ते बोटीने घरी आले. अक्रोडाचं व्हिनियर (पेटीवर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा), गुडघ्याच्या वर येईल एवढी उंची, आणि वजन असं की एकट्याने उचलायला गेलात तर दुसऱ्या दिवशी कंबर आठवण करून देते.

हेन्री क्लॉस नावाच्या माणसाने १९६७ साली ही कंपनी काढली आणि १९६९ मध्ये हा स्पीकर बाजारात आणला. ही त्याची तिसरी कंपनी. पहिली अकूस्टिक रिसर्च, १९५४ साली, एडगर व्हिल्चरच्या जोडीने. दुसरी १९५७ ची केएलएच: त्यातला के क्लॉसचा, एल लो यांचा, एच हॉफमन यांचा. हे हॉफमन म्हणजे नामांकित पियानोवादक जोसेफ हॉफमन यांचे चिरंजीव. स्पीकरवाल्यांत त्यांच्या नावाने एक नियम सांगतात. खोल खर्ज, लहान पेटी आणि थोड्या ताकदीत मोठा आवाज, या तिन्हींतल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. ॲडव्हेंटने पहिल्या दोन घेतल्या आणि तिसरीचा भार ॲम्प्लिफायरवर टाकला. पाच-दहा वॉटचा नाजूक ॲम्प्लिफायर लावाल तर हे स्पीकर पडून राहतील.

त्यातली युक्ती व्हिल्चरची. पेटी चारी बाजूंनी बंद, मागे-पुढे कुठेही भोक नाही. वूफर म्हणजे खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर; त्याचा कोन, म्हणजे हलून आवाज काढणारा कागदी शंकू, मुद्दाम सैल बसवलेला. कोन बाहेर गेला की त्याला परत जागेवर आणायचं काम स्प्रिंगने नाही तर पेटीत कोंडलेल्या हवेने करायचं. यातून दोन गोष्टी निघतात आणि त्या दुरुस्ती करणाऱ्याला माहीत असाव्या लागतात. कोनाभोवतीची रिंग मऊच हवी. आणि पेटीतून हवा कुठूनही निसटता कामा नये.

ती रिंग पॉलियुरेथेनच्या फोमची असते आणि तिथेच या सगळ्या पिढीच्या स्पीकरचं घोडं अडतं. हवेतल्या ओलाव्याने हा फोम आतून तुटत जातो. स्पीकर वाजवा नाहीतर नुसते झाकून ठेवा, पंधरा-वीस वर्षांत तो जातोच. ठाण्यात एका बाजूला खाडी, मधे तलाव आणि वर जून ते सप्टेंबर धो धो पाऊस. आमचे स्पीकर कित्येक वर्षं माळ्यावर होते. इमारत पुनर्विकासाला गेली, माळा रिकामा करायची वेळ आली, तेव्हा जाळ्या काढून पाहिलं. फोम पावसाळ्यात पाणी सुटलेल्या गुळासारखा झाला होता. बोट लावलं की चिकट काळा चुरा हाताला. कोन मात्र दोन्ही शाबूत.

भंगारवाला दोन्हीचे मिळून तीनशे देत होता.

वागळेच्या आधी दोन ठिकाणी दाखवले होते. मुंबईतल्या एका दुकानात काउंटरवरच्या तरुणाने पेटी न उघडताच सांगितलं, "हे काढून टाका, बारा इंची नवा वूफर टाकून देतो, चारशे वॉट." चारशे वॉट हा आकडा ऐकला की आपल्याकडे माणसं खूश होतात. पण तो वूफर असतो लग्नाच्या हॉलचा नाहीतर मंडपाचा. त्याचा कोन ताठ, त्याला मोठी आणि भोकाची पेटी लागते. बंद आणि लहान पेटीत कोंबला तर खर्ज गायब होतो आणि मधला आवाज अंगावर येतो. शिवाय ॲडव्हेंटमध्ये वूफर आणि ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा लहान स्पीकर) यांची वाटणी १,००० हर्ट्झच्या आसपास आहे. दोघांचा जोर एकमेकांशी जुळवून बसवलेला. एक बदलला की दुसरा एकटा पडतो.

दुसरं ठिकाण ठाण्यातलंच. तिथे मंडळांचे आणि डीजेवाल्यांचे स्पीकर रीकोन करतात, म्हणजे नवे कोन बसवतात. काम जोरदार चालतं. ते म्हणाले, फोम कशाला, कापडाची रिंग लावतो, जन्मभर बघायला नको. कापडाची रिंग खरंच टिकते, यात खोटं काही नाही. पण ती कडक. रात्रभर मिरवणुकीत वाजणाऱ्या स्पीकरला ती हवीच. हवेच्या भरवशावर झुलणाऱ्या कोनाला ती लावली की संपलं. त्यांना दोष नाही. त्यांचं गिऱ्हाईक वेगळं आहे.

वागळेच्या मालकांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे स्पीकर वाजवायला नकार दिला. मी हौसेने म्हटलं, आवाज कसा येतो ऐका तरी. "फोम नसताना कोन वाकडा हलतो, त्याच्या मागचं तारेचं वेटोळं, कॉइल, मॅग्नेटला घासते. आत्ता चांगली असेल ती आपण ऐकायच्या नादात घालवू." मग टॉर्च लावून सावकाश एकेक स्क्रू काढला. वूफर बाहेर घेतला आणि टेप लावली. "बारा इंच कोण म्हणालं? दहाचा आहे हा." बाहेरून चौकट बारा इंची दिसते खरी, पण ती दाबलेल्या लाकडी भुशाच्या पातळ कड्याची आहे. आत कोन आणि धातूची टोपली दहा इंची वूफरची. दोन दुकानांत कोणी मोजलंच नव्हतं. बारा इंची रिंगा मागवल्या असत्या तर पैसे पाण्यात.

मीटर लावून कॉइलचा रोध मोजला. दोन्हीकडे सारखा, आठ ओहमच्या स्पीकरला जेवढा असावा तेवढा, म्हणजे आठच्या थोडा खाली. मग दीड व्होल्टचा साधा सेल वायरींना टेकवला, कोन पुढे सरकला. दोन्ही वूफर जिवंत. एवढं झाल्यावर वहीच्या पानावर अंदाज लिहून दिला. शेवटच्या बिलात आणि त्या अंदाजात फरक पडला तो फक्त पॉलिशचा, तेही मी नंतर वाढवून घेतलं म्हणून. माझ्या लेखी ही या जागेची सगळ्यात मोठी जमेची बाजू.

काम चालू असताना मी अधूनमधून जाऊन बसायचे. त्यांना ते फारसं आवडत नव्हतं, पण हाकललंही नाही. सगळ्यात वेळखाऊ भाग म्हणजे जुना फोम आणि जुना गोंद कोनाच्या कडेवरून काढणं. कोन कागदाचा. घासला तर फाटतो, भिजवला तर फुगतो. त्यांच्याकडची एक मुलगी, आयटीआय झालेली, कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून नखाएवढा भाग घ्यायची, थांबायची, बोथट सुरीने खरवडायची, पुढे सरकायची. मालक स्वतः हे करत नाहीत. "माझा हात आता हलतो," म्हणाले, आणि मुलीकडे बघून, "हिचा नाही." पगार नीट देतात का हे मी तिला खाली चहाच्या टपरीवर विचारलं. देतात म्हणाली.

नवी रिंग चिकटवणं त्या मानाने लवकर होतं. खरं कसब कोन मधोमध बसवण्यात. कॉइल आणि मॅग्नेट यांच्या मधली फट इतकी बारीक की कोन जरासा कलला तरी घासतो. काही कारागीर मधली टोपी कापून कॉइलच्या भोवती फिल्मच्या पट्ट्या खोचतात, गोंद सुकला की पट्ट्या काढून नवी टोपी लावतात. पद्धत खात्रीची आहे, पण मूळची टोपी जाते. यांनी टोपीला हात लावला नाही. ॲम्प्लिफायरमधून हळू आवाजात ३० हर्ट्झचा सूर सोडला. गोंद ओला असताना कोन सावकाश आत-बाहेर होत राहतो, कुठे घासला तर खर्र असं ऐकू येतं, मग बोटाने किंचित सरकवायचं. वॉशरचं मशीन जेवणाच्या सुट्टीत बंद झालं की हे काम काढतात. एका बाजूला सुकल्यावरही बारीक खरखर राहिली होती. ती रिंग काढून पुन्हा लावली, वेगळे पैसे न घेता.

मग क्रॉसओव्हर. वूफर-ट्वीटरमध्ये आवाजाची वाटणी करणारी ही पट्टी पेटीच्या आत असते. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयानुसार बिघडतात. आमच्यातले मोजले तर छापील आकड्याच्या जवळजवळ चौथाईने वर गेले होते. बदलणं भाग होतं. इथे मला वाटलं आता मोठा आकडा येणार, कारण या छंदात कपॅसिटरवर पन्नास हजार घालवणारे लोकही आहेत आणि तसं विकणारेही. यांनी साधे पॉलिप्रोपिलीन फिल्मचे, पाच टक्के फरकाच्या आतले घेतले. महागाचे का नाहीत विचारलं. "मूल्य तेच ठेवायचं. नावाचे पैसे कशाला?" मात्र एक गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली. जुन्या कपॅसिटरमध्ये स्वतःचा थोडा अडथळा असतो, फिल्मच्यात तो जवळपास नसतो. त्यामुळे बदलल्यावर वरचे सूर जरा उजळ वाटतात. नको वाटलं तर अर्ध्या ओहमचा रेझिस्टर मालिकेत टाकून देईन, आधी महिनाभर ऐका. मी ऐकलं, टाकून घेतला नाही.

ट्वीटरची गंमत वेगळीच. डावीकडचा मंद होता, मी मनात तो गेला असं धरून ठेवलं होतं. हा ट्वीटर मिळणं मुश्कील. त्याच्या आकारामुळे तिकडे त्याला तळलेलं अंडं म्हणतात, आणि दिसतोही तसाच, मधे घुमट आणि भोवती पसरट कड. पेटीच्या मागे वरच्या सुरांचं प्रमाण कमी-जास्त करायला तीन टप्प्यांचा एक स्विच असतो. मालकांनी तो उघडला, आत हिरवा गंज. साफ केला, ट्वीटर बोलू लागला. "नवीन टाका" म्हणून पाच हजार लावणारा माणूस इथे सहज पैसे काढू शकला असता. या कामाचे वेगळे पैसे बिलात नाहीत.

शेवटी वूफर परत बसवताना चौकटीमागे नवी पुट्टी, म्हणजे हवा निसटायला नको. परीक्षा सोपी आहे, घरीही करून बघता येते. दोन्ही हातांचे तळवे टेकवून कोन हळूच आत दाबायचा आणि सोडायचा. पटकन उसळला तर पेटी गळते. आमचे सावकाश वर येतात.

इथवर वाचून वाटेल की सगळं गोड आहे. नाही.

फोन हे लोक उचलत नाहीत. मेसेजला उत्तर येतं, पण आलं तर दुसऱ्या दिवशी, आणि त्यातही "चालू आहे" एवढंच. मी गणपतीच्या आधी स्पीकर दिले होते. त्यानंतर गणपती, मग नवरात्र. सगळ्या मंडळांचे फाटके स्पीकर त्याच गाळ्यात येऊन पडतात, कारण भाडं त्या कामावर निघतं, आमच्यासारख्यांच्या हौसेवर नाही. ते मला समजतं. पण मग सुरुवातीलाच सांगावं, "दिवाळीशिवाय होणार नाही." सांगितलं होतं पंधरा दिवस. स्पीकर घरी आले तेव्हा मी भाजणी भाजत होते.

आल्यावर दुसरं प्रकरण. लावले, आवाज आला, पण खर्ज कुठे गेला? आणि गाणारीचा आवाज मधून येण्याऐवजी खोलीभर पसरलेला, तोंड कुठे आहे तेच कळेना. उजव्या पेटीच्या आत वूफरच्या वायरी उलट जोडल्या गेल्या होत्या. एक कोन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, दोघं मिळून खर्ज खाऊन टाकतात. ज्या माणसाने माझ्यासमोर सेल लावून दिशा तपासली त्याच्याच गाळ्यातून हे बाहेर पडावं! मुलगी दुसऱ्याच दिवशी आली, पेटी उघडली, चहा थंड व्हायच्या आत काम संपवलं. माफीही मागितली. तरीही, घेऊन जाण्यापूर्वी गाळ्यातच दोन्ही एकत्र वाजवून दाखवा असा आग्रह धरा. ते कंटाळा करतात.

पॉलिश मात्र सरळ फसलं आहे. एका पेटीचा खालचा कोपरा माळ्यावरच्या गळतीने फुगला होता. आतला भुशाचा बोर्ड पाणी प्यायला की परत बसत नाही हे मान्य. तो कापून, भरून, वर व्हिनियरचा तुकडा लावला. तुकडा सागवानी, पेटी अक्रोडाची, वर गडद रंग मारून जुळवायचा प्रयत्न. संध्याकाळच्या दिव्यात चालून जातं, सकाळच्या उन्हात ठिगळ दिसतं. हे काम ते बाहेरच्या सुताराकडून करून घेतात. ४,००० रुपये त्यासाठी जास्त आहेत. पेटीचं काम तुम्ही तुमच्या ओळखीच्या पॉलिशवाल्याकडून करून घ्या, यांच्याकडे फक्त आतलं द्या. माझे दीर पुण्याहून आले तेव्हा त्यांचं लक्ष आधी त्या कोपऱ्याकडेच गेलं.

आणि आवाज? आवाजासाठीच तर केलं सगळं.

मल्लिकार्जुन मन्सूर लावले. तानपुऱ्याची जवारी आधी कानावर आली, मग कळलं की माळ्यावर टाकण्याआधीही ती इतकी स्वच्छ ऐकल्याचं आठवत नाही. तबल्यात डग्ग्याची घुमारी पोटात जाणवते, पण फुगत नाही, मारलेली थाप जिथे संपायला हवी तिथे संपते. हे बंद पेटीचं देणं. हार्मोनियमच्या स्वरपट्ट्यांचा श्वास ऐकू येतो. किशोरीताईंचा वरचा षड्ज कुठेही टोचत नाही. खरं सांगायचं तर आजच्या चांगल्या स्पीकरांमध्ये वरचे बारीक तपशील याहून अधिक निघतात. टाळ-झांजांची किणकिण इथे जरा गोलसर होते. सिनेमाचे धमाके ऐकायचे असतील तर त्या पैशांत दुसरं काहीतरी घ्या. मध्यम आवाजात बैठकीचं गाणं ऐकणाऱ्याला मात्र मी बिनदिक्कत सांगेन, आहेत ते स्पीकर फेकू नका.

एक गोष्ट मालकांना विचारून घेतली: नवा फोम किती टिकेल. "तोही फोमच आहे ताई. पंधरा वर्षं धरा." म्हणजे पुढचा खर्च मुलाच्या डोक्यावर. ते त्याला अजून सांगितलेलं नाही.

कोणी जाणार असेल तर जानेवारी ते मे या काळात जा, गाळा मोकळा असतो. स्पीकर वाजवून बघत बसू नका, आहेत तसे न्या, जाळ्याही न्या. ॲडव्हान्स निम्मा घेतात, पावती वहीच्या पानावर देतात. पक्कं बिल हवं असेल तर पहिल्या दिवशीच सांगा, नंतर टोलवाटोलवी होते. पेटीच्या मागचा कंपनीचा कागद आणि क्रमांक यांचे फोटो काढून ठेवा. पॉलिशवाला तो कागद खरवडून काढणार होता, मी वेळेवर अडवलं. आणि दुपारी दीड ते अडीच शटर अर्धं खाली असेल तर ठोठावू नका. कोणाचा तरी कोन सूर धरून सुकत असतो.